मोटरमधलं पाणी नेमकं कुठलं?

पत्र

आमची इलेक्ट्रिक गाडी पाच वर्षांची आहे, ८४,००० किलोमीटर चालली आहे. बॅटरी आणि ड्राइव्ह युनिटला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. दोन वर्षांपूर्वी वेग वाढला की मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. सर्व्हिस सेंटरला दाखवलं. त्यांनी गाडी चालवून पाहिली आणि जॉब कार्डावर ‘आवाज नॉर्मल’ असं लिहून दिलं. गेल्या महिन्यात चालत्या गाडीची ताकद एकदम गेली, पडद्यावर ‘गाडी सुरक्षित जागी थांबवा’ असं आलं आणि ती बंदच पडली. आता सेंटर म्हणतं, मोटरमध्ये पाणी शिरलंय, बाहेरून शिरलेलं पाणी वॉरंटीत बसत नाही, अख्खं युनिट बदलावं लागेल. वर असंही म्हणतात की कंपनी गुडविल म्हणून निम्मा खर्च उचलेल, त्यासाठी एका कागदावर सही करा. खरं सांगायचं तर दीड वर्षापूर्वी एकदा पाणी साचलेल्या रस्त्यातून मी गाडी काढली होती. ते त्यांना सांगायचं का? यजमान म्हणतात सही करून मोकळं होऊ. धाकटे दीर म्हणतात थेट कोर्टात खेचा. मला दोन्ही पटत नाही.

– एक वाचक

उत्तर

ताई, सही करू नका. निदान आज तरी नको. कोर्टाचंही आज नाव काढू नका. त्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेलाय: मोटरमध्ये सापडलेलं ‘पाणी’ म्हणजे नेमकं काय?

तुमच्या पत्रात कुठंही असं नाही की त्यांनी तो द्रव तपासला. मोटर उघडली किंवा तळाचा बोल्ट काढला, ओल दिसली, पाणी म्हणून मोकळे झाले. पण गाडीच्या पोटात तिचा स्वतःचाही द्रव फिरत असतो. मोटर, तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर आणि गिअर हे सगळं हल्ली एकाच कवचात बसवलेलं असतं, आणि ते तापू नये म्हणून त्यातून कूलंट खेळवतात. काही गाड्यांत कूलंट फक्त मोटरच्या बाहेरच्या भिंतीतून जातं. काही रचनांत ते फिरणाऱ्या रोटरच्या पोकळ शाफ्टमधूनही जातं, आणि फिरत्या शाफ्टपाशी त्याला अडवून धरायला असतं एक सील. ते सील झिजलं की कूलंट थेंबथेंब आत उतरतं. काही मोटरी तेलाने थंड होतात, तिथं गोष्ट थोडी वेगळी. म्हणून पहिली चौकशी हीच करा की तुमच्या मॉडेलची मोटर कशी थंड होते.

कूलंट म्हणजे ग्लायकॉल आणि पाणी यांचं मिश्रण, त्यात रंग घातलेला. ते आत गेलं की तारांच्या वेटोळ्यांचं इन्सुलेशन कमी होतं. उच्च दाबाची वीज आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये पुरेसा अडथळा (इन्सुलेशन रेझिस्टन्स) आहे ना, हे गाडी स्वतः सतत मोजत असते. तो ठरलेल्या मर्यादेखाली गेला की आधी इशारा देते आणि मग चालायचंच नाकारते. तुमच्या पडद्यावर आलेल्या वाक्यामागे हेच कारण असण्याची दाट शक्यता आहे.

आता गंमत अशी की पुराचं पाणी आणि सीलमधून गळलेलं कूलंट यांच्यात फरक करायला प्रयोगशाळा लागत नाही. कूलंट किती थंडीपर्यंत गोठणार नाही हे बघायला वर्कशॉपमध्ये रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं उपकरण असतं. आतल्या द्रवाचा एक थेंब त्यावर ठेवला की ग्लायकॉल आहे की नाही ते मिनिटात कळतं. ग्लायकॉल लवकर उडून जात नाही, त्याचा चिकट रंगीत थर मागे राहतो. रस्त्यावरचं पाणी आत गेलं असेल तर गाळ, माती, गंजाच्या रेघा दिसतात. शिवाय कूलंटच्या टाकीतली पातळी खाली गेली आहे का? गेली असेल आणि बाहेर कुठं गळती दिसत नसेल, तर ते कूलंट कुठं गेलं याचं उत्तर सेंटरने द्यायला हवं.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असंही मी म्हणणार नाही. तापलेलं युनिट एकाएकी थंड पाण्यात बुडालं तर आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या छिद्रातून, किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जाऊ शकतं. असं घडतं. पण तुमच्या बाबतीत तारखा बघा. आवाज दोन वर्षांपूर्वीचा, पाणी दीड वर्षापूर्वीचं. म्हणजे आधी आवाज आला आणि मग पाणी. तुमच्याकडचा सगळ्यात वजनदार कागद म्हणजे ते ‘आवाज नॉर्मल’ लिहिलेलं जॉब कार्ड, आणि तो त्यांच्याच हातचा आहे.

आवाजाला मी एवढं महत्त्व का देतो, ते सांगतो, कारण इथंच बहुतेक भांडणं अडतात. इलेक्ट्रिक मोटरमध्ये फिरणारे भाग मोजके. घूं असा, वेगाबरोबर चढणारा आवाज बहुधा बेअरिंगचा नाहीतर गिअरचा असतो. बेअरिंग खराब व्हायचं एक कारण पेट्रोलच्या गाडीत सहसा भेटत नाही. इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. त्यामुळे शाफ्टवर थोडा विद्युतदाब साचतो आणि तो बेअरिंगमधल्या ग्रीसच्या पातळ थरातून ठिणगीसारखा निसटत राहतो. प्रत्येक ठिणगी पोलादावर सूक्ष्म खड्डा पाडते. लाखो ठिणग्यांनंतर बेअरिंगच्या आतल्या कड्यावर आडव्या चऱ्या उमटतात. म्हणूनच काही कंपन्या सिरॅमिकच्या गोळ्यांचं बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंग देणारी कडी बसवतात. हा बिघाड चालवणाऱ्याच्या हातात नसतो. तुम्ही गाडी कितीही जपून चालवलीत तरी तो थांबवता येत नाही.

बेअरिंग सैल झालं की शाफ्ट किंचित डगमगतो आणि त्याच शाफ्टवर बसलेलं सील एका बाजूने झिजतं. आवाज, मग झीज, मग गळती, मग इन्सुलेशनचा इशारा: अशी साखळी तुमच्या गाडीत घडली असं मी इथं बसून ठामपणे सांगू शकत नाही. पण ती शक्य आहे, तुमच्या तारखांशी जुळते, आणि ती नाकारायची असेल तर सेंटरला बेअरिंग उघडून दाखवावं लागेल. ‘पाणी शिरलं’ एवढ्या दोन शब्दांवर ती नाकारता येत नाही.

पाणी साचलेल्या रस्त्याबद्दल त्यांनी विचारलं तर खरं सांगा. स्वतःहून सांगितलंत तर आणखी चांगलं, पण नीट तपशिलासकट: कुठल्या महिन्यात, पाणी चाकाच्या कुठल्या उंचीपर्यंत होतं, किती वेळ त्यात होतात, आणि त्यानंतर गाडी किती किलोमीटर विनातक्रार चालली. दीड वर्षं चालली असेल तर ती बाब तुमच्याच बाजूची आहे. लपवलंत आणि उद्या एखाद्या फोटोत किंवा गाडीच्या नोंदीत ते सापडलं, तर तुमच्या जॉब कार्डाचीही किंमत उरणार नाही. यजमानांनाही हे एकदा सांगून ठेवा, नाहीतर काउंटरवर दोघांची दोन उत्तरं व्हायची.

सर्व्हिस सेंटरमधला माणूस तुमचा शत्रू नाही, हेही लक्षात असू द्या. तो सहसा निर्णय घेतच नाही. तो फोटो, फॉल्ट कोड (गाडीने नोंदवलेल्या बिघाडाच्या खुणा) आणि दोन ओळींचा शेरा कंपनीच्या वॉरंटी विभागाकडे पाठवतो, आणि गाडी न पाहिलेला कुणीतरी तिथून हो किंवा नाही म्हणतो. मंजुरीशिवाय काम केलं तर नंतरच्या तपासणीत कंपनी ते पैसे सेंटरकडून परत मागू शकते, त्यामुळे संशय आला की सेंटर सावध शेरा लिहितं. त्या दोन ओळींत काय लिहिलंय, ते तुम्ही पाहिलंय का? बहुतेक नाही. काउंटरवर आवाज चढवून ती ओळ बदलत नाही. त्या फाइलमध्ये नव्या गोष्टी जातील असं बघायचं.

त्यासाठी आजच एक मेल लिहा, सेंटरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकत्र. फोनवर बोलू नका, आणि बोललात तर त्याच दिवशी ‘आपलं असं बोलणं झालं’ असा मेल टाका. मजकूर साधारण असा:

“माझ्या गाडीचं ड्राइव्ह युनिट वॉरंटीत बसत नाही असं मला तोंडी सांगण्यात आलं. कृपया नकार लेखी द्यावा आणि वॉरंटी पुस्तिकेतलं नेमकं कोणतं कलम लावलं ते नमूद करावं. युनिटमध्ये आढळलेला द्रव पाणी आहे की कूलंट, हे कोणत्या चाचणीने ठरवलं, ते कळवावं. चाचणी झाली नसेल तर माझ्या उपस्थितीत करावी. पाणी ज्या मार्गाने आत गेलं असं आपलं म्हणणं आहे, त्या जागेचे फोटो द्यावेत. सर्व फॉल्ट कोड, त्यांची तारीख, त्या वेळचं किलोमीटर आणि इन्सुलेशन रेझिस्टन्सच्या नोंदी यांची प्रत द्यावी, तोवर कोणतेही कोड पुसू नयेत. दोन वर्षांपूर्वीच्या आवाजाच्या तक्रारीचं जॉब कार्ड सोबत जोडलं आहे. वाद मिटेपर्यंत जुनं युनिट परत पाठवू नये, उघडू नये, मोडीत काढू नये.”

शेवटचं वाक्य विसरू नका. बदललेलं जुनं युनिट बऱ्याचदा कंपनीकडे परत जातं, तिथं ते दुरुस्त होऊन दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसतं. एकदा ते ट्रकमध्ये चढलं की तुमचा पुरावाही त्याबरोबर गेला. इन्सुलेशनच्या नोंदी मागण्याचंही कारण आहे. आठवडेच्या आठवडे आकडा हळूहळू घसरत आला असेल तर आतल्या गळतीकडे बोट जातं. एका दिवसात कोसळला असेल तर त्यांच्या म्हणण्याला थोडं बळ मिळतं. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी तुम्हाला ते कळायला हवं.

आता वॉरंटी पुस्तिका काढून बसा. जाहिरातीतलं ‘८ वर्षं’ सगळ्यांना पाठ असतं, मधली पानं कुणी वाचत नाही. ‘ड्राइव्ह युनिट’ या शब्दात काय काय धरलंय ते आधी बघा. मोटर आणि गिअर असतातच. इन्व्हर्टर बहुधा असतो. पण ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, कूलंटचा पंप, चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट यांची व्यवस्था कंपनीगणिक वेगळी असते. काही ठिकाणी ते फक्त मूळ तीन-चार वर्षांच्या वॉरंटीत असतात आणि तुमच्या पाच वर्षांच्या गाडीला ती संपलेली असणार. सेंटरच्या अंदाजपत्रकात युनिटशिवाय आणखी भाग लावले असतील तर एकेक भाग या यादीशी ताडून पाहा.

मग अपवादांचं पान. पाणी, अपघात, तळाला बसलेला धक्का, बाहेर केलेले बदल, चुकीचं कूलंट, न केलेली सर्व्हिस, झीज होणारे भाग. बारकाईने वाचा: ‘पाण्यात गेलेली गाडी’ असं लिहिलंय की ‘पाण्यामुळे झालेलं नुकसान’? पहिलं असेल तर त्यांचं काम सोपं, दुसरं असेल तर ‘मुळे’ हे त्यांनी दाखवायला हवं. अपवाद पुढे करणाऱ्यानेच तो लागू होतो हे दाखवावं, हा सर्वसाधारण न्याय आहे. तुमच्या मेलमधलं प्रत्येक वाक्य त्याच दिशेने आहे.

पुढे कदाचित सूर बदलेल. ‘पाणी’ सोडून ते म्हणतील, सील हा झिजणारा भाग आहे, वायपरच्या रबरासारखा. तेव्हा देखभालीचं वेळापत्रक उघडा. वायपर, टायर, ब्रेक पॅड यांच्या बदलाची सूचना तिथं असते. बंद कवचातलं सील कधी बदलायचं याची एक ओळ जर कुठंच नसेल, तर ज्या भागापर्यंत मालक पोचू शकत नाही आणि ज्याची वेळच कंपनीने कधी सांगितली नाही, तो भाग मालकाने बदलायला हवा होता असं कसं म्हणता येईल? हा प्रश्न याच शब्दांत विचारा. तुमच्या सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी मात्र जागेवर असू द्यात. मध्ये कधी बाहेरच्या गॅरेजमध्ये कूलंट भरून घेतलं असेल तर त्याची पावती शोधा. इलेक्ट्रिक गाड्यांच्या काही रचनांना कमी वीजवाहक असं खास कूलंट लागतं आणि भलतंच ओतलं असेल तर त्यांना आयतं कारण मिळतं.

गुडविलच्या कागदाबद्दल. गुडविल वाईट नसतं. वॉरंटी संपून महिना झालेल्या माणसाला कंपनीने निम्मे पैसे दिले तर ते घ्यावेत. पण तुमची वॉरंटी चालू आहे. तुमचा हक्क आहे की नाही हेच अजून ठरलेलं नाही आणि त्याआधीच तुम्हाला मेहेरबानी देऊ केली जातेय. त्या कागदात ‘हे नुकसान वॉरंटीत बसत नाही हे मला मान्य आहे’ किंवा ‘यापुढे याबद्दल कोणताही दावा करणार नाही’ अशा अर्थाची ओळ आहे का बघा. असेल तर सही म्हणजे मागचं दार बंद. ती ओळ काढायला तयार झाले, बसवलेल्या युनिटला स्वतंत्र वॉरंटी किती आणि ते नवं की दुरुस्त केलेलं हे लेखी दिलं, तर यजमानांच्या म्हणण्याचा विचार करायला हरकत नाही. निम्म्याचं पाऊण करून मागायलाही लाजू नका. दोन वर्षांपूर्वी दाखवलेला आवाज त्यांनीच नॉर्मल ठरवला होता, ही गोष्ट त्यांच्याही फाइलमध्ये आहे.

आणखी एक शोध घ्या: तुमच्याच मॉडेलला हा त्रास इतरांनाही झालाय का. रिकॉल असेल, म्हणजे याच दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या असतील, तर वॉरंटीचा वादच उरत नाही. रिकॉल नसला तरी कंपन्या आपल्या सेंटरांना तांत्रिक पत्रकं पाठवतात. अमेरिकेत वाहन सुरक्षेची सरकारी संस्था एनएचटीएसए अशी पत्रकं आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली ठेवते, आणि तुमचं मॉडेल तिथं विकलं जात असेल तर ती वाचायला कुणाचीच परवानगी लागत नाही. एकेकट्या मालकाचा बिघाड वाटणारी गोष्ट पुढे सगळ्यांची ठरते, याची उदाहरणं आहेत. मार्च २०२४ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी अमेरिकेत मिळून सुमारे १ लाख ४७ हजार इलेक्ट्रिक गाड्या चार्जिंग सांभाळणाऱ्या आयसीसीयू या भागासाठी परत बोलावल्या. तो खराब झाला की १२ व्होल्टची बॅटरी भरत नाही आणि चालत्या गाडीची ताकद जाऊ शकते. त्याही आधी, टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एस गाड्यांत ड्राइव्ह युनिटच्या आवाजाच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की ऑगस्ट २०१४ मध्ये कंपनीने आधी विकलेल्या गाड्यांसकट युनिटची वॉरंटी ८ वर्षं आणि अंतराची मर्यादा नाही, अशी केली. त्याच गाड्यांच्या मोठ्या मागच्या मोटरमध्ये रोटरचं सील झिजून कूलंट आत उतरण्याचा दोष दुरुस्ती करणाऱ्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. तुमची गाडी त्या कंपनीची नसली तरी ‘असं होतच नाही’ म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरेल.

आता दीरांचं कोर्ट. त्यांचा राग रास्त आहे, फक्त क्रम उलटा आहे. लेखी नकार हातात नसताना तक्रार कशाविरुद्ध करणार? कायदा तुमच्या राहत्या देशाप्रमाणे बदलेल. युरोपीय संघात नव्या मालावर विक्रेत्याची किमान २ वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा कंपनीला ‘आमचेच भाग, आमचीच सर्व्हिस’ अशी अट वॉरंटीला जोडू देत नाही, तो भाग किंवा सेवा फुकट देत असल्याशिवाय. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत आयोगाकडे जाता येतं. मुदत कुठलीही असो, नकाराच्या तारखेपासून कॅलेंडरवर खूण करा. मेलला पंधरवड्यात उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस, आणि नोटिशीसोबत स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल.

तो तज्ज्ञ मात्र युनिट एकट्याने उघडणारा नको. इलेक्ट्रिक मोटरी उघडून नुसतं सील आणि बेअरिंग बदलून देणारे स्वतंत्र कारागीर आता तयार झालेत, आणि अख्ख्या युनिटपेक्षा ते काम पुष्कळ स्वस्तात होतं. सगळे दरवाजे बंद झाले तर तो रस्ता आहेच. पण वाद चालू असताना कंपनीच्या माणसाशिवाय युनिट उघडलंत, तर आत काय होतं आणि तुमच्या कारागिराने काय केलं, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही. दोन्ही बाजू समोर, कॅमेरा चालू, मगच पाना लावायचा.

जाता जाता एक काम, आणि ते मेलच्याही आधी करा. गाडी महिनाभर सेंटरच्या आवारात उभी आहे. मोठ्या बॅटरीत सध्या किती टक्के चार्ज आहे, ते विचारून लिहून घ्या आणि पडद्याचा फोटो मागा. १२ व्होल्टची बॅटरीही उभ्या उभ्या उतरते. मोठी बॅटरी रिकामी होऊन तशीच पडून राहिली तर तिचं नुकसान होतं, आणि पूर्ण उतरलेल्या अवस्थेत ठेवलेल्या बॅटरीचं नुकसान पुष्कळ पुस्तिका वॉरंटीबाहेर काढतात. तेव्हा गाडी सेंटरच्या ताब्यात असताना चार्ज किती राखावा, हे त्यांनाच लेखी विचारा आणि तेवढा राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाका. मोटरचं भांडण चालू असताना बॅटरीचं दुसरं नको.